वाचकांचे प्रश्न : शिफ बेस, धातू आणि जिवाणू

या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. शिफ बेस लिगंडांपासून (लिगंड म्हणजे धातूच्या अणूला जोडला जाणारा रेणू किंवा आयन) केलेली धातूंची जटिल संयुगे जिवाणूंना रोखतात, असे जे सतत वाचायला मिळते, त्यात तथ्य किती, हा तो विषय. पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पांचे दिवस असल्यामुळे हे स्वाभाविकही आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जटिल संयुगांना प्रयोगशाळेत सगळेच कॉम्प्लेक्स म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न : मला प्रकल्पासाठी शिफ बेस आणि त्यांचे धातू-कॉम्प्लेक्स हा विषय मिळाला आहे. पदवीच्या वर्गात अल्डिहाइड ओळखण्यासाठी आम्ही शिफ अभिकर्मक वापरला होता. त्याचा याच्याशी संबंध आहे का? तांब्याचा कॉम्प्लेक्स प्रत्यक्ष करताना काय सांभाळावे? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : दोन्हींचा कर्ता एकच, एवढाच संबंध. ह्यूगो शिफ हे १८३४ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मलेले आणि पुढे इटलीत फ्लॉरेन्सला स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ. अल्डिहाइड आणि प्राथमिक अमाईन यांचा संयोग होऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन व नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध असलेले संयुग तयार होते, हे त्यांनी १८६४ मध्ये मांडले. त्या संयुगांना आपण शिफ बेस म्हणतो. सल्फर डायऑक्साइडने रंग घालवलेले फुक्सिनचे द्रावण, जे अल्डिहाइड मिळताच पुन्हा गुलाबी-जांभळे होते, ते त्यानंतरचे आणि वेगळे काम आहे. शिफ बेस ही केवळ प्रयोगशाळेतली वस्तू आहे असेही नाही. आपल्या डोळ्यांतील दृष्टिपटलात रेटिनल हे अल्डिहाइड प्रथिनाला जोडलेले असते ते शिफ बेसच्याच बंधाने, आणि ब-६ जीवनसत्त्वाचे शरीरातले बरेचसे काम याच बंधातून चालते.

धातूच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती नायट्रोजनवरची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी. तिच्या शेजारी फिनॉलचा ऑक्सिजन असला, की धातूचा आयन दोघांच्या मध्ये पकडला जाऊन कडे तयार होते. यालाच चिलेट म्हणतात. आपण पहिल्यांदाच हात घालत असाल, तर सॅलेन या जुन्या आणि भरवशाच्या लिगंडापासून सुरुवात करावी. २० मिलीमोल, म्हणजे २.४४ ग्रॅम, सॅलिसिलाल्डिहाइड सुमारे २५ मिलिलिटर गरम इथेनॉलमध्ये घ्यावे आणि ढवळत ढवळत त्यात १० मिलीमोल, म्हणजे ०.६० ग्रॅम, एथिलिनडायअमाईन थेंबाथेंबाने सोडावे. मिश्रण लगेच पिवळे होते आणि काही मिनिटांत चकचकीत पिवळ्या पापुद्र्यांनी चंबू भरून जातो. ते गार करून सक्शनवर गाळावेत, थोड्या थंड इथेनॉलने धुवावेत आणि वाळवावेत. हिशेबाने २.६८ ग्रॅम मिळायला हवेत, आणि वितळणबिंदू १२७ अंश सेल्सियसच्या आसपास यायला हवा. एथिलिनडायअमाईन धुराळते, कातडीला भाजते आणि हवेतील पाणी व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते; फार दिवस उघडझाप झालेल्या बाटलीतले वजन खरे धरू नये.

अमाईन ॲरोमॅटिक असेल तर क्रिया मंद चालते आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्लाचे दोनचार थेंब घालून रिफ्लक्स करावे लागते. मात्र आम्ल जास्त झाले तर अमाईनच प्रोटॉन घेऊन बसते आणि अल्डिहाइडवर हल्ला करायला मोकळे राहत नाही. तयार झालेला बंध पाण्याने, विशेषतः आम्लधर्मी पाण्याने, पुन्हा तुटतो, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. शुद्धता पाहण्याच्या, सिलिका लावलेल्या टीएलसी पट्टीवरसुद्धा काही शिफ बेस तुटतात आणि शुद्ध नमुना दोन ठिपके दाखवतो. त्यावरून नमुना फेकून देण्याची घाई करू नये.

कॉम्प्लेक्ससाठी लिगंड गरम मिथेनॉलमध्ये घेऊन त्यात तितकेच मोल कॉपर ॲसेटेट (१० मिलीमोलला २.०० ग्रॅम, एका पाण्याच्या रेणूसह) मिथेनॉलमध्ये विरघळवून घालावे. निळसर रंग जाऊन गडद हिरवा साका पडतो. निकेल घेतले तर तो नारिंगी-तांबडा असतो. क्लोराइडऐवजी ॲसेटेट घेण्याला कारण आहे. फिनॉलचा प्रोटॉन ॲसेटेट उचलून घेते, त्यामुळे वेगळी आम्लारी लागत नाही. क्लोराइडच वापरायचे असेल तर ट्रायएथिलअमाईनसारखे काही घालावे लागते, आणि तेथे अंदाज चुकला तर धातूचे हायड्रॉक्साइड उत्पादनात मिसळते, जे डोळ्यांना दिसत नाही पण पुढच्या सगळ्या मोजमापांत त्रास देते. शेवटी साका गरम मिथेनॉलने भरपूर धुवावा. उरलेले ॲसेटेट किंवा मोकळे तांबे राहिले तर जिवाणूंच्या चाचणीत ते काय करील, हे पुढच्या एका उत्तरात आले आहे.

प्रश्न : अवरक्त वर्णपटात कार्बन-नायट्रोजनचा पट्टा सरकला, की कॉम्प्लेक्स झाला असे मानावे का? (संशोधक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : एवढ्यावर मानू नये. लिगंडात १६३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असलेला पट्टा कॉम्प्लेक्समध्ये सामान्यतः १० ते २० एककांनी खाली येतो, हे खरे. पण सरकण्याची दिशा आणि अंतर दर वेळी तेच असते असे नाही. ३४०० जवळ रुंद पट्टा दिसला की 'धातूला पाणी जोडलेले आहे' असे लिहिण्याची प्रथा आहे, आणि पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी दमट हवेत केली असेल तर तेच पाणी तेथे दिसते. ते खरोखर संयुगातले आहे का, हे तापवून वजनातली घट मोजल्याशिवाय सांगता येत नाही. मूलद्रव्यांचे विश्लेषण आणि वस्तुमान वर्णपट हे दोन आधार तरी हवेतच. जस्ताचा किंवा चौरस-प्रतलीय निकेलचा कॉम्प्लेक्स असेल तर एनएमआर (रेणूतल्या प्रोटॉनच्या खुणा दाखवणारा चुंबकीय वर्णपट) फार उपयोगी पडतो: फिनॉलच्या प्रोटॉनची १३ पीपीएम जवळची खूण नाहीशी झालेली स्वच्छ दिसते. तांब्याच्या बाबतीत अयुग्मित इलेक्ट्रॉनमुळे हा मार्ग बंद होतो. चुंबकीय मोमेंट १.८ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास आला म्हणून तांब्याची भूमिती चौरस-प्रतलीय ठरवणे चूक आहे, कारण भूमिती कोणतीही असली तरी एका अयुग्मित इलेक्ट्रॉनचा आकडा जवळपास तेवढाच येतो. एकल स्फटिक मिळाला आणि त्याची क्ष-किरण रचना काढता आली तर बाकीचा वाद संपतो.

प्रश्न : माझ्या तांब्याच्या कॉम्प्लेक्सचा ई. कोलायवर १४ मिलिमीटरचा झोन आला, लिगंडाचा १० चा. दोन्हींचे डीएमएसओमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण घेऊन ६ मिलिमीटरच्या विहिरीत १०० मायक्रोलिटर घातले होते. तुलनेसाठी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५ मायक्रोग्रॅमच्या चकतीचा झोन ३२ आला. कॉम्प्लेक्स लिगंडापेक्षा जास्त प्रभावी आहे, असा निष्कर्ष काढून लेख पाठवावा का? (एम.एस्सी. विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : पाठवू नये, निदान एवढ्यावर नाही. आपण आकडे नीट दिले आहेत म्हणून ते एकेक करून पाहू.

झोन म्हणजे विहिरीभोवतीचा, जिवाणू न वाढलेला गोल भाग. त्याचा व्यास विहिरीसह मोजतात. म्हणजे आपल्याकडे ६ हा आकडा शून्याच्या जागी आहे, १० म्हणजे विहिरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर आणि १४ म्हणजे चार-चार. छापील तक्त्यांतून '६ मिमी' हा प्रभाव म्हणून नोंदलेला आम्ही पाहिला आहे. शिवाय विहिरीत आपण १०० मायक्रोग्रॅम पदार्थ घातला, तर चकतीत केवळ ५ मायक्रोग्रॅम औषध होते. वीसपट पदार्थ घालून झोन निम्म्याहून कमी आला, ही गोष्ट लेखात लिहावी लागेल. पण ती बहुतेक लेखांत लिहिलेली नसते.

आता नियंत्रणे. नुसत्या डीएमएसओची विहीर हवी. हा द्रावक स्वतः काही टक्क्यांच्या वर गेला की जिवाणूंची वाढ मंदावते. नुसत्या कॉपर ॲसेटेटची विहीर हवी, आणि त्यात तांब्याचे मोल कॉम्प्लेक्सइतकेच असले पाहिजेत. सॅलिसिलाल्डिहाइडचीही विहीर हवी, कारण ते स्वतः जिवाणूंना मारक आहे आणि आपला लिगंड पाण्यात तुटून तेच परत देऊ शकतो. या तीन विहिरींवाचून १४ हा आकडा कोणाचा आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही: कॉम्प्लेक्सचा, सुटलेल्या तांब्याचा, अल्डिहाइडचा की द्रावकाचा? परीक्षक म्हणून आमच्यासमोर असा लेख आला तर पहिला प्रश्न धातूच्या क्षाराबद्दल असेल.

वजनाऐवजी मोलमध्ये तुलना करण्याची सवय लावावी. सॅलेनचा रेणुभार सुमारे २६८ आणि त्याच्या तांब्याच्या कॉम्प्लेक्सचा सुमारे ३३०. दोन्हींचे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घेतले तर लिगंड ३७३ मायक्रोमोलर होतो आणि कॉम्प्लेक्स ३०३. येथे हा फरक आपल्या कॉम्प्लेक्सच्या बाजूने जातो, म्हणजे आपल्याला त्याचा फायदाच आहे. पण दोन लिगंड एका धातूला जोडलेले असतील तर मोलांचे गणित पार बदलते.

यापेक्षा मूलभूत अडचण झोनच्या पद्धतीतच आहे. पदार्थ ॲगरमधून किती पसरतो यावर झोन ठरतो, तो किती मारक आहे एवढ्यावरच नाही. विद्युतभार नसलेला आणि पाण्यात न विरघळणारा कॉम्प्लेक्स विहिरीतच साक्याच्या रूपात बसतो. तांब्याचा मोकळा आयन मात्र लांबवर जातो. त्यामुळे उत्तम कॉम्प्लेक्सचा झोन लहान आणि अर्धवट तुटलेल्या कॉम्प्लेक्सचा मोठा, असे उलटे चित्र दिसू शकते. बावर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये चकतीची पद्धत प्रमाणित केली ती माहितीतल्या औषधांसाठी, जेथे प्रत्येक औषधाचा झोन आणि त्याचा रुग्णावरील परिणाम यांचा ताळा आधी बसवलेला असतो. नव्या संयुगांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी ती घडवलेली नव्हती.

म्हणून किमान प्रतिबंधक संहती काढावी. ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये म्यूलर-हिंटन द्रव माध्यम घेऊन संयुगाची संहती मिलिलिटरला १२८, ६४, ३२ मायक्रोग्रॅम अशी निम्म्यानिम्म्याने उतरवत न्यावी, प्रत्येक खळ्यात जिवाणूंची ठरलेली संख्या घालावी आणि १६ ते २० तासांनी ज्या सर्वांत कमी संहतीला वाढ दिसत नाही ती नोंदवावी. पेरणीसाठीचे मूळ द्रावण गढूळपणाच्या मॅकफार्लंड मापावर ०.५ इतके, म्हणजे मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी जिवाणूंचे असते. ते शंभरेक पट सौम्य करून घ्यायचे. रंगीत कॉम्प्लेक्स असला किंवा साका पडला तर गढूळपणा वाचता येत नाही. तेव्हा खळ्यातला थेंब ताज्या ॲगरवर पसरून वाढ येते का, ते पाहावे. ई. कोलायच्या प्रमाणित वाणावर सिप्रोफ्लॉक्सासिनची ही संहती मिलिलिटरला ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम इतकी येते. तशी येत नसेल तर आपली प्लेट चुकली आहे. आणि ती बरोबर येऊन कॉम्प्लेक्सची ६४ आली, तर दोघांत हजारो पटींचे अंतर आहे, हे निष्कर्षात स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही. 'प्रमाण औषधाच्या तोडीचे' हे शब्द मात्र लिहू नयेत.

प्रश्न : जवळपास प्रत्येक लेखाच्या शेवटी 'ट्वीडीची चिलेशन उपपत्ती' आणि 'ओव्हरटोनची संकल्पना' यांनी कॉम्प्लेक्सच्या वाढलेल्या प्रभावाचे स्पष्टीकरण दिलेले असते. विद्यार्थ्यांना हे कितपत खात्रीने शिकवावे? (रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, सातारा)

उत्तर : गृहीतक म्हणून जरूर शिकवावे. त्यातला पहिला, ट्वीडीच्या नावाचा युक्तिवाद असा: चिलेट झाल्यावर धातूचा धनभार काही अंशी लिगंडाच्या दात्या अणूंवर वाटला जातो, आयनाची ध्रुवीयता घटते, रेणू अधिक मेदस्नेही होतो आणि पेशीच्या मेदमय पटलातून आत शिरणे त्याला सोपे जाते. पटलातून काय पार होते ते मेदातील विद्राव्यतेवर ठरते, ही दुसरी कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी मांडली. त्यांचे नाव 'ओव्हरटोन' असे चुकीचे छापले गेले आणि लेखामागून लेखात तसेच उतरत राहिले. मूळ काम न वाचता परिच्छेद पुढे सरकवला जातो, याची याहून उघड खूण शोधावी लागणार नाही.

अडचण युक्तिवादात नाही, तो न तपासता चिकटवण्यात आहे. मेदस्नेहता वाढली असे म्हणायचे असेल तर ऑक्टॅनॉल आणि पाणी यांत संयुगाची वाटणी मोजता येते; तो प्रयोग एका दिवसाचा आहे. कॉम्प्लेक्स अखंड आत शिरतो असे म्हणायचे असेल तर आधी तो माध्यमात अखंड राहतो, हे दाखवावे लागते. म्यूलर-हिंटन माध्यम म्हणजे मुख्यतः केसिनचे जलअपघटित, म्हणजे अमिनो आम्लांचा आणि लहान पेप्टाइडांचा साठा, आणि त्यांतले हिस्टिडिन तांब्याला घट्ट धरते. आपल्या लिगंडाकडून तांबे हिसकावून घेणारे प्रतिस्पर्धी चाचणीच्या प्लेटमध्येच हजर असतात. ई. कोलायसारख्या ग्राम-ऋण जिवाणूंना तर बाहेरचे जादा आवरण असते, ज्याच्या बाहेरच्या थरातले लिपोपॉलिसॅकराइड मेदस्नेही रेणूंना सहज आत येऊ देत नाही. त्यामुळे 'मेदस्नेहता वाढली म्हणून ई. कोलायवर प्रभाव वाढला' हे वाक्य ऐकायला वाटते तितके सरळ नाही.

ही गोष्ट नीट कशी तपासतात, हे दाखवायचे असेल तर वर्गात ॲड्रियन आल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ८-हायड्रॉक्सिक्विनोलीनवरचे काम सांगावे. हा शिफ बेस नव्हे, पण नायट्रोजन-ऑक्सिजन अशाच जोडीने धातू धरणारा रेणू आहे, आणि तो स्टॅफिलोकॉकसला मारतो हे माहीत होते. १९५० च्या मागेपुढे त्यांनी हेच जिवाणू ऊर्ध्वपातित पाण्यात घेतले तेव्हा औषध काहीच करीना. लोहाचा किंचित अंश घातला, की जिवाणू मरू लागले. कोबाल्ट घातले, की पुन्हा वाचले. त्याहून चमत्कारिक म्हणजे औषध फार जास्त घातले तर त्याचा परिणाम नाहीसा होई. यावरून त्यांनी अनुमान काढले, की मारतो तो लिगंड नव्हे आणि सर्व बाजूंनी लिगंडांनी वेढलेला धातूही नव्हे. ज्याची एखादी जागा मोकळी आहे असा अपुरा वेढलेला कॉम्प्लेक्स मारतो. लिगंडाचा अतिरेक झाला, की ती जागा भरते आणि विष निष्प्रभ होते. एक लिगंड, दोन धातू आणि संहतीचे काही टप्पे एवढ्या सामग्रीवर हे साधले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना पाच धातूंचे पाच कॉम्प्लेक्स करायला लावण्यापेक्षा एकाच कॉम्प्लेक्सवर असे चार प्रश्न विचारायला लावणे आम्हाला जास्त मोलाचे वाटते.

प्रश्न : इतके लेख निघतात, तर यातले एकही औषध दुकानात का दिसत नाही? (औषधविक्रेते, पुणे)

उत्तर : धातूची औषधे दुकानात आहेत, शिफ बेसची धातू-संयुगे मात्र जिवाणूंवरचे औषध म्हणून तेथवर पोचलेली नाहीत. भाजल्यावर लावायचे सिल्व्हर सल्फाडायझिन आपण रोज विकत असाल, आणि जठरातल्या हेलिकोबॅक्टरवर बिस्मथची संयुगे वापरली जातात. शिफ बेसच्या नातलगांपैकी थायासिटाझोन हे थायोसेमिकार्बाझोन एके काळी क्षयरोगावर सर्रास दिले जाई. एचआयव्हीबाधित रुग्णांत त्यामुळे त्वचेच्या प्राणघातक प्रतिक्रिया दिसल्यावर ते मागे पडले.

अडथळा बहुधा मारकतेचा नसून निवडकतेचा असतो. जिवाणूंचे पटल फोडणारे तांबे आपल्या तांबड्या पेशींचे पटलही फोडते, म्हणून रक्तपेशी आणि मानवी पेशी यांवरील विषारीपणा मोजल्याखेरीज जिवाणूंवरच्या आकड्याला औषध म्हणून किंमत नाही, आणि नेमके तेच मोजमाप बहुसंख्य लेखांत नसते. याउलट, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातून चालणाऱ्या एका खुल्या चाचणी-उपक्रमाने जगभरातून आलेली नऊशेहून अधिक धातू-संयुगे एकाच पद्धतीने तपासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत जिवाणूंवर किंवा बुरशीवर प्रभावी आणि मानवी पेशींना निरुपद्रवी अशा संयुगांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते, तर निव्वळ सेंद्रिय संयुगांत ते एक टक्काही नव्हते. क्षेत्र पोकळ नाही, असे आम्ही म्हणतो ते याच्या आधारावर. शिवाय शोध कोठे नेईल हे सांगता येत नाही: मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेचा ई. कोलायवरचा परिणाम पाहत होते, जिवाणू विभागायचे थांबून नुसतेच लांबत चालले, त्याला कारण निघाली ती प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांतून माध्यमात तयार झालेली संयुगे, आणि त्यांतले सिसप्लॅटिन १९७८ मध्ये कर्करोगाचे औषध म्हणून मान्य झाले.

प्रश्न : डाळिंबावरच्या तेल्यासाठी आम्ही मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो. हे आणि आपण लिहिता ती तांब्याची संयुगे एकच का? (डाळिंब उत्पादक, सांगोला)

उत्तर : तांबे तेच, रूप वेगळे. तेल्या हा झँथोमोनास गटातल्या जिवाणूचा रोग आहे, बुरशीचा नव्हे, म्हणून आपला प्रश्न या चर्चेत अगदी योग्य जागी बसतो. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. चुना तांब्याला न विरघळणाऱ्या रूपात पानावर बसवतो, आणि दव किंवा पावसाच्या पाण्यात त्यातून तांब्याचे आयन थोडेथोडे सुटतात. सारे काम त्या सुट्या आयनांचे. चिलेटचा येथे संबंध नाही. आपण 'चिलेटेड झिंक' घालता तेथे मात्र जस्त चिलेटमध्येच असते, पण उद्देश उलटा, म्हणजे पिकाला ते मिळावे हा असतो. तांब्याला न जुमानणारे झँथोमोनासचे वाण इतर देशांत टोमॅटो-मिरचीवर आढळले आहेत, त्यामुळे केवळ फवारणीवर न विसंबता रोगट फांद्या आणि फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करणे सोडू नये.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी हा प्रयोग करावा का? (माध्यमिक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : जिवाणूंचा भाग करू नये. अशा चाचण्यांत वापरला जाणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू रोगकारक आहे, आणि प्लेटा निर्जंतुक करून टाकण्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. हाताचा ठसा ॲगरवर घेऊन 'निरुपद्रवी जिवाणू' वाढवण्याचा पर्यायही तितकाच धोक्याचा आहे, कारण काय वाढले हे कोणालाच माहीत नसते. धातू आणि लिगंड यांचे नाते दाखवायचे असेल, तर मोरचुदाच्या फिकट द्रावणात शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून, सौम्य अमोनिया थेंबाथेंबाने घालावा. आधी फिकट निळा साका पडतो, आणखी घातला की तो विरघळून गर्द निळे द्रावण होते. मग सौम्य आम्ल घालत गेल्यास साका परत येतो आणि पुढे तोही विरघळतो. प्रत्येक टप्प्याला तांब्याभोवती कोण आहे, हे मुलांना विचारावे.